अकरा काळ्या चौकटी

सहा डबे आले. एकाचं झाकण इतकं गंजलेलं
की तुपे शिपायांना स्क्रू ड्रायव्हर लागला.
आत व्हिनेगरचा वास. म्हणजे फार दिवस नाहीत.
चिठ्ठीवर दिग्दर्शक: एमेट क्रॉल. संकलक: तोच.
मी रजिस्टरात उतरवून घेतलं आणि शेवटच्या रकान्यात,
जिथे 'विशेष' असं छापलंय, आडवी रेघ मारली.

त्याच्याबद्दल आमच्या ग्रंथालयात दीड परिच्छेद आहे.
चौदा वर्षं दुसऱ्यांची चित्रं कापली
कॅलिफोर्नियातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत.
मग पाच सिनेमे स्वतःचे, काळेपांढरे, स्वस्त,
एकेक बारा दिवसांत उरकलेला;
एका तिकिटात दोन दाखवायचे, त्यातला दुसरा,
जो अर्धा झाला की लोक चपला शोधू लागतात.
पाचवा पडला.
मग पुन्हा तीच खोली, टीव्हीच्या मालिका,
श्रेयनामावलीत आडनाव चुकलेलं,
आणि अर्ध्या परिच्छेदाच्या शेवटी मरण,
गावाचं नाव न देता.

हा पाचवा.

रिवाइंडर हातानं फिरवते. एका हातात सुती मोजा,
दुसरा उघडा, कारण सांधा बोटाच्या पेराला कळतो.
ढमढेरे सर म्हणायचे, काठानं धर बाई, पापड आहे तो.
क्रॉलचे सांधे बोटाला लागत नाहीत.
ते तिकडूनच छापून आलेले, पाण्यासारखे.
बोटाला लागतात ते आपल्याकडचे:
सेन्सॉरचे, तुटक्या दातांचे,
आणि कॅम्पातल्या बूथमध्ये
उकाड्यात, घाईत, घामेजल्या हातांनी लावलेले.

क्रॉल बघायचा तर दिव्यावर, भिंगातून.
माणूस पापणी मिटणार, त्याच्या दोन चौकटी आधी
तो कापतो. नेहमी.
रडू फुटायच्या आधी उठतो,
जसं माझे वडील चार घास राखून
पानावरून उठायचे आणि आई चिडायची.

चौथ्या रिळात बाई दार लावते आहे.
बाहेर तो, बॅग घेऊन, हॅट न घालता.
दार अर्ध्यावर, आणि काळं.
मोजलं. अकरा चौकटी नुसत्या काळ्या.
मग दार लागलेलं.
दोन्हीकडे सांधा, जाड पण सरळ, नीट खरवडलेला,
कडेला पांढऱ्या शाईत दोन गुजराती अक्षरं.

सरांना फोन केला. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत,
दुपारी एक ते चार उचलत नाहीत. साडेचारला उचलला.
"फ्रेडूनच तो. कॅम्पातला ऑपरेटर. तेवढ्या फाटल्या असतील."
मग सरळ जोडायचं की, मी म्हटलं,
अकरा म्हणजे अर्धा सेकंदही नाही, कोणाला कळणार होतं?
पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.
"ते दार लागायला जेवढा वेळ लागत होता
तेवढा लागायला नको?"

वितरकाचा कागद डब्यातच होता, घडीवर फाटलेला:
एक आठवडा, सकाळी साडेदहा. मंगळवारी तिकिटं तेवीस.

ओजस स्कॅनिंगला बसतो. हुशार मुलगा.
मॅडम, हे काळं काढून टाकू का, म्हणाला,
आजूबाजूचं बघून सॉफ्टवेअर भरून देईल, कळणारसुद्धा नाही.
मागच्या टेकडीवर मोर ओरडत होता, एकसारखा,
कोणी त्याला कापत नव्हतं.
मी म्हटलं, राहू दे.
तो म्हणाला, पण ते ओरिजिनल नाही ना?
नाही, म्हटलं.

मग रजिस्टर मागवलं,
'विशेष'मधल्या रेघेवरच लिहिलं, जागा पुरेना म्हणून तिरकं:
रीळ चार. अकरा काळ्या. मूळच्या नाहीत.
काढू नयेत.